पुणेरी पाटी आणि आम्ही मिरजकर

मिरजेहून पुण्याला जायचं ठरलं आणि आमच्या मोहल्ल्यात ज्याला त्याला सल्ला सुचायला लागला. "तिथं कुणाला पत्ता विचारू नका," एकानं बजावलं. "दुकानात शिरलात तर काय हवंय ते आधी पाठ करून जा. दुकानदाराला थांबायची सवय नसते," दुसऱ्यानं सांगितलं. शेजारच्या खाला तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "बेटा, पाणी घरून न्या. तिथं मागितलं तर अर्धाच पेला देतात."

जाण्याचं कारण मोठं होतं. आमच्या थोरल्या लेकीला पुण्यातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. घरात आनंद होता, पण अम्मींनी अट घातली. "पोरगी जिथं चार वर्षं राहणार ते गाव आधी मी बघणार, मग हो म्हणणार." अम्मींचं वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या 'हो'शिवाय आमच्या घरात साधी कैरीसुद्धा मुरत नाही. म्हणून आम्ही दोघं, अम्मी, थोरली आणि सात वर्षांचा धाकटा अशी पाच जणांची वरात गुरुवारी सकाळी एसटीत बसली.

आणखी एक गोष्ट होती, ती कुणी उघड बोललं नाही. पुणेकर फटकळ असतात हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकरांवर लिहून आपल्याला पिढ्यान् पिढ्या हसवलंय. आमची शंका निराळी होती. हा फटकळपणा सगळ्यांसाठी असतो, की बुरखा, दाढी आणि आधार कार्डावरचं नाव बघून त्याला थोडी जास्त धार चढते? लेकीला एकटं ठेवायचं तर हे कळणं गरजेचं होतं.

स्वारगेटला पहिला धडा

कऱ्हाड, सातारा, खंबाटकी घाट करत दुपारी स्वारगेटला उतरलो. सल्ला विसरून आम्ही पहिली चूक केली. बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांना पत्ता विचारला.

पेपर खाली आला नाही. पेपरामागून आवाज आला, "तिथं जायचंय की नुसतं माहीत करून घ्यायचंय?"

"जायचंय."

"मग रिक्षा करा. चालत जाण्यासारखं असतं तर चालत जा म्हणालो असतो."

धाकट्याचे डोळे चमकले. ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं म्हणून तो खूश होता. आम्ही सामान उचललं. तेवढ्यात आजोबा उठले, पेपराची घडी काखेत मारली, आमच्यापुढे चालत रिक्षापर्यंत गेले आणि चालकाला म्हणाले, "मीटरनं ने. टिळक रस्त्यानं ने. बाहेरगावची माणसं आहेत म्हणून पर्वतीला प्रदक्षिणा घालू नकोस." मग आमच्याकडे न बघता परत बाकावर जाऊन बसले. आम्ही शुक्रिया म्हणालो, तोवर पेपर पुन्हा वर गेला होता.

अम्मी रिक्षात म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. फक्त तोंड त्याच्या मालकीचं नाही."

गोड 'नाही' आणि कडू 'हो'

राहण्यासाठी आम्ही एका लॉजवर आधीच फोन करून ठेवला होता. गल्ल्यावरचा मुलगा फार लाघवी होता. "या काका, बसा काकू, आजींना पाणी द्या रे." पेला काठोकाठ भरलेला होता. आम्ही आधार कार्डं पुढे केली. त्यानं नावं वाचली, आत गेला, बाहेर आला आणि तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "सॉरी हं काका, आत्ताच फुल्ल झालं. तुमचीच खोली एका पार्टीला गेली. फार वाईट वाटतंय हो."

आमच्या डोळ्यांसमोर आणखी एक कुटुंब आलं आणि किल्ली घेऊन वर गेलं.

थोरलीनं आमच्याकडे बघितलं, आम्ही अम्मींकडे. कुणी काही बोललं नाही. बाहेर येऊन रस्त्यावर उभे राहिलो तेव्हा अम्मी एवढंच म्हणाल्या, "साखर घातली म्हणून विष सरबत होत नाही." लेकीच्या चेहऱ्याकडे बघवेना. मिरजेला परत जावं असं मनात येऊन गेलं.

दोन गल्ल्या पलीकडे जुन्या वाड्याचं रूप बदलून केलेलं एक लहानसं लॉज होतं. गल्ल्यावर सत्तरीचे एक गृहस्थ. त्यांच्या मागच्या भिंतीवर अकरा नियमांची पाटी. सातवा नियम असा : 'नियम समजावून सांगितले जाणार नाहीत.'

"किती जण?"

"पाच."

"खोली चौघांची आहे."

"धाकटा सातच वर्षांचा आहे."

"सात वर्षांचा असला तरी माणूसच ना?" त्यांनी आधार कार्डं घेतली, एकेक अक्षर वाचलं. आमच्या छातीत धडधडायला लागलं. त्यांनी चष्मा वर केला. "मिरज. म्हणजे सतारीची मिरज?"

"हो."

"मग आधीच सांगतो, रात्री दहानंतर गाणंबजावणं चालणार नाही." आणि किल्ली पुढे सरकवली. "जादा गादीचे पैसे वेगळे. आजींना जिना चढवायचा नाही, खालची खोली घ्या."

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी सतारीची तार छेडलेली नाही. पण त्या क्षणी आम्ही अब्दुल करीम खांसाहेबांचे वारसदार असल्यासारखे ताठ मानेनं खोलीत गेलो.

देवांनाही सुट्टी नाही

शुक्रवारी लेकीच्या कॉलेजचे कागद झाले, लष्करात म्हणजे कॅम्पात जुम्याची नमाज झाली, श्रूजबेरी बिस्किटांचे पुडे घेतले आणि आम्ही गाव बघायला मोकळे झालो.

पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत हे शाळेत शिकलो होतो. सोमवार, मंगळवार, बुधवार, पण त्या वारांच्या क्रमानं शेजारी शेजारी नाहीत, त्यामुळे शनिवारातून निघालेला माणूस रविवारात पोचेलच असं नाही. खरी गंमत खुणांची. रिक्षावाले, दुकानदार सगळे देवळांच्या नावांनी पत्ते सांगतात आणि ती नावं पुणेकरांनीच प्रेमानं ठेवलेली : जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा. थोरली म्हणाली, "जे आपल्या देवांनाही टोपणनावानं हाक मारतात, ते पाहुण्यांना 'अहो-जाहो' काय करणार?" हे ऐकून मागून येणारे एक काका थांबले. आम्ही घाबरलो. "बरोबर बोललीस," ते म्हणाले आणि पुढे निघून गेले.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघून धाकटा हरखला. हत्तींना धडक मारता येऊ नये म्हणून दारांवर बसवलेले अणकुचीदार खिळे त्यानं मोजायला घेतले. आत गेल्यावर मात्र त्याचा हिरमोड झाला. बाग, जोती आणि कारंज्यांचे हौद. त्यानं तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, "राजवाडा कुठंय?"

"१८२८ साली जळाला," पहारेकरी म्हणाला. "उशीर केलात."

पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये या वाड्याचा पाया घातला. याच वाड्याच्या एका दरवाजाला मस्तानीचं नाव आहे. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि तिथल्या जखमांनी गेला, हे आम्ही मुलांना तिथल्या हिरवळीवर बसून सांगितलं. सांगून होईतो शिट्टी वाजली. हिरवळीवर बसायचं नव्हतं. पाटी होतीच, आम्ही तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. केळकरांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी ते उभं केलं. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी असं घराघरांतलं काय काय त्यांनी आयुष्यभर गोळा केलं. कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महालही तिथं आहे. वाद्यांच्या दालनात अम्मी बराच वेळ रेंगाळल्या. तंबोऱ्यांपुढे उभं राहून त्या हळूच म्हणाल्या, "घरची माणसं भेटल्यासारखं वाटतं." तिथल्या बाईंनी "काचेला हात लावू नका" असं तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा अम्मींसाठी स्टूल आणून ठेवलं.

येरवड्याच्या वाटेवर आगाखान पॅलेसही पाहिला. १८९२ सालची ती इमारत. गांधीजी १९४२ पासून तिथं कैदेत होते आणि कस्तुरबा तिथंच वारल्या. समाधीपाशी सगळे शांत होते. दोन तास आम्हाला कुणीही काहीही बोललं नाही, त्यामुळे धाकटा कंटाळला.

रस्त्यावर आणखी एक नवल दिसलं. अम्मींना बुरख्याची काळजी होती, लोक टक लावून बघतील म्हणून. पण पुण्यात स्कूटीवरून जाणाऱ्या मुली डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात, वर कोपरापर्यंत हातमोजे. सिग्नलला अशा वीस-पंचवीस जणी उभ्या होत्या. अम्मी बघतच राहिल्या. "या सगळ्या आपल्यातल्या?" त्यांनी विचारलं. "नाही अम्मी, उन्हातल्या," थोरली म्हणाली. त्या गर्दीत आमच्या अम्मीच सगळ्यांत उघड्या दिसत होत्या.

एक ते चार

पुण्याला जाऊन बाकरवडी न आणणं म्हणजे मिरजेला तोंड दाखवायची सोय नाही. शनिवारी आम्ही एका दुकानापाशी पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. शटर गुडघ्यापर्यंत खाली आलं होतं.

"भाऊ, फक्त अर्धा किलो."

शटरच्या फटीतून उत्तर आलं, "वाचता येतं ना?" पाटी होती : 'दुपारी १ ते ४ बंद.'

आमच्याबरोबर आणखी एक गृहस्थ ताटकळत होते. बोलण्यावरून, कपड्यांवरून अस्सल पेठेतले. ते ओरडले, "अरे, मी समोरच्या वाड्यातला! पानशेतच्या पुराच्या आधीपासून तुमचं गिऱ्हाईक!" १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण फुटून निम्मं पुणं पाण्याखाली गेलं होतं. जुनी माणसं अजून काळ त्या पुरावरून मोजतात.

"मग वेळ तर तुम्हाला पाठ पाहिजे," आतून आवाज आला आणि शटर पूर्ण खाली आलं.

ते गृहस्थ आमच्याकडे बघून हसले, आम्ही त्यांच्याकडे बघून हसलो. गुरुवारपासून छातीवर असलेलं ओझं त्या शटरच्या आवाजाबरोबर उतरलं. इथं दाढीवाल्याला आणि शेंडीवाल्याला एकाच मापानं झापतात. जोखताना दांडी मारली जात नाही.

पायरीवर टेकलो तर तिथंही पाटी : 'पायरी चढण्यासाठी आहे.' म्हणून समोरच्या झाडाच्या पाराशी गेलो आणि अम्मींनी पाण्याची बाटली काढत विषय काढला.

"तुम्ही सगळे हसताय," त्या म्हणाल्या, "पण सूरह नूर वाचलीय का नीट? परवानगी घेतल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नका, सलाम करा. आणि 'परत जा' म्हटलं तर परत जा, त्यातच तुमची पाकी आहे. हे अल्लाहनं सांगितलंय. दारावरून परत जाण्यात अपमान नाही, तो तर अदब आहे."

आम्ही घरी आल्यावर तपासलं. सत्ताविसावी आणि अठ्ठाविसावी आयत. त्याच सूरहच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत घरच्या लहान मुलांनी आणि नोकरांनीही विचारल्याशिवाय आत येऊ नये अशा तीन वेळा सांगितल्या आहेत : फजरच्या आधी, इशानंतर आणि दुपारी, माणसं कपडे उतरवून आराम करतात तेव्हा. दुपारच्या वामकुक्षीला आपण कैलुला म्हणतो, ती तर प्रेषितांची (स.) सुन्नत. म्हणजे ज्या तीन तासांसाठी अख्खा महाराष्ट्र पुण्याला हसतो, त्यात निदान दुपारची झोप तरी आपल्याकडे पुण्याची गोष्ट आहे!

"पण अम्मी, सांगायची काही रीत असते," थोरली म्हणाली.

"असते ना," अम्मी म्हणाल्या. "भावाकडे बघून हसणं हासुद्धा सदका आहे. हा दुकानदार आज सदक्याला मुकला. तो त्याचा तोटा, आपला नाही."

जेवायला एका साध्या शाकाहारी खानावळीत गेलो. भिंतीवर लिहिलं होतं : 'हवं तेवढं घ्या. घ्याल तेवढं संपवा. टाकलेलं अन्न बांधून दिलं जाईल आणि पैसे घेतले जातील.' धाकट्याच्या ताटात अर्धी पोळी राहिली होती. वाढपी काही न बोलता ताटाशेजारी उभा राहिला. आमच्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा कोरडी पोळी आवडीनं खाल्ली. इस्राफ म्हणजे काय, हे आम्ही त्याला दोन वर्षं समजावत होतो. वाढप्यानं दोन मिनिटांत समजावलं.

उकार ऱ्हस्व की दीर्घ?

आता त्या लॉजच्या गृहस्थांकडे येऊ.

शुक्रवारी पहाटे आम्ही फजरसाठी उठलो. जुना नळ, त्याचा आवाज अख्ख्या वाड्यात घुमला. लगेच दारावर टकटक. गृहस्थ मफलर गुंडाळून उभे. "पहाटे पाचला कसलं पाणी चाललंय? नियम नऊ वाचला नाहीत? पाणी सहाला."

"माफ करा, नमाजच्या आधी हातपाय धुवावे लागतात."

"त्याला काही नाव असेल."

"वजू."

ते क्षणभर गप्प राहिले. मग विचारलं, "उकार ऱ्हस्व की दीर्घ?"

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या वजू होतो. कुणी हा विचार केला नव्हता. "दीर्घ... बहुधा."

"बहुधा नको. मराठीत शेवटचा उकार दीर्घच. तरी ज्यांचा शब्द आहे त्यांना विचारलेलं बरं." आणि चपला वाजवत निघून गेले. आम्हाला वाटलं, आज खोली सोडावी लागणार.

शनिवारी पहाटे दार उघडलं तर बाहेर झाकण ठेवलेली बादली. शेजारी तांब्या, आणि अम्मींसाठी बसायला पाट. पाणी कोमट होतं. बादलीच्या कडीला दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं :

'वजूसाठी. आंघोळीसाठी वापरू नये.'

उकार दीर्घ होता.

अम्मींनी त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. नमाजनंतर त्यांची दुआ नेहमीपेक्षा लांबली. आम्ही विचारलं नाही कुणासाठी. सकाळी गल्ल्यावर आभार मानायला गेलो तर गृहस्थ हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "नळ वाजला की बाकीच्यांची झोपमोड होते. म्हणून ठेवलं. बाकी काही नाही."

त्या गुरुवारच्या गोड मुलाची आठवण झाली. त्यानं आम्हाला 'काका' म्हटलं, पाणी पाजलं आणि रस्त्यावर काढलं. या गृहस्थांनी एक शब्द धड उच्चारला नाही आणि पहाटे उठून आमच्यासाठी पाणी तापवलं. लेक म्हणाली, "अख़लाक म्हणजे नुसती जीभ नव्हे, हे मला इथं कळलं."

परतीच्या वाटेवर लाल महालावरून पुढे जाताना तिला भिडेवाड्याची जागा दाखवली. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती इथं. जुना वाडा आता उतरवलाय, स्मारक व्हायचंय. खरा उद्धटपणा या गावानं तेव्हा दाखवला होता. शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण-चिखल फेकला. आणि खरा चांगुलपणाही याच गावानं दाखवला. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात ज्या फातिमाचं नाव येतं, त्या फातिमा शेख याच पुण्याच्या. पाट्या वाचून हसणाऱ्यांनी ही जागाही बघून जावी. कुठल्याही गावाची पारख त्याच्या बोलण्यावरून नाही, त्यानं कुणाला जागा दिली यावरून करायची.

एसटीत अम्मींनी एक वाकिआ सांगितला, तो आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. एका खेडुतानं येऊन प्रेषितांच्या (स.) अंगावरची चादर इतक्या जोरानं ओढली की मानेवर वळ उठला. वर म्हणाला, तुमच्याजवळचा अल्लाहचा माल मलाही द्यायला सांगा. प्रेषित (स.) वळले, हसले आणि त्याला देण्याचा हुकूम केला. "रांगड्या माणसाशी कसं वागायचं, हे त्या हसण्यात आहे," अम्मी म्हणाल्या. "तो दुकानदार तर आपल्याला हातही लावायला आला नाही."

"मग, पोरीला ठेवायचं पुण्यात?" आम्ही विचारलं.

"ठेवा," अम्मी म्हणाल्या. "जिथं खरं तोंडावर बोलतात, तिथं पोरगी फसत नाही. फक्त तिला सांगा, कोण गोड बोललं तर जरा जपून."

लेक पुण्यात रुळून आता काही महिने झालेत, अल्हम्दुलिल्लाह. त्या लॉजच्या गृहस्थांना ईदला शीरखुर्मा नेऊन दिला. त्यांनी चाखला आणि म्हणाले, "साखर जास्त आहे." डबा मात्र धुऊन, रिकामा न देता, तिळगुळाच्या वड्या भरून परत केला.

परवा तिचा फोन आला. स्वारगेटला कुणा बाहेरगावच्या कुटुंबानं तिला पत्ता विचारला.

"मग काय सांगितलंस?"

"विचारलं, जायचंय की नुसतं माहीत करून घ्यायचंय?"

आम्ही कपाळावर हात मारला. "आणि मग?"

"मग काय, रिक्षात बसवून दिलं. मीटरनं."